दुखणं ‘पेंडिंग’ ठेवू नका

या पानावर मी एरवी काय लिहितो ते तुम्हाला माहीत आहेच. अप्रेजलच्या दिवशी बॉसशी काय बोलावं, डोंबिवली फास्टमध्ये चौथी सीट कशी पटकवावी, गोव्याचा वीकएंड कमी पैशांत कसा बसवावा, वगैरे वगैरे. आज विषय वेगळा आहे. घाबरू नका, रडारड नाहीये. थोडा राग आहे, आणि तो बराचसा माझ्यावरच आहे.

माझी आत्या. पोस्टात ३४ वर्षं नोकरी, लग्न केलं नाही, डोंबिवली ईस्टला दुसऱ्या मजल्यावर वन बीएचके, बिल्डिंगला लिफ्ट नाही. माझे आई-बाबा दोघंही नोकरीवाले, त्यामुळे शाळा सुटली की मी थेट आत्याकडे. पोळीचा लाडू, तीसपर्यंतचे पाढे आणि डोक्यात टपल्या, हे सगळं मला तिच्याकडूनच मिळालं. मध्यंतरी तिला ब्रेस्ट कॅन्सर झाला. ऑपरेशन झालं, केमो झाली, शेक झाला, आणि आत्या पुन्हा भाजीवाल्याशी घासाघीस करायला लागली. आम्ही म्हटलं, संपलं एकदाचं.

सहा वर्षं संपलेलंच होतं. मग गेल्याच्या गेल्या वर्षी मार्चमध्ये तिचा डावा खुबा दुखायला लागला. ‘वय झालं रे’ असं म्हणत तिनं महिनाभर बाम चोळला. स्कॅन केला तेव्हा कळलं, कॅन्सर हाडात उतरलाय. खुब्याजवळ कमरेच्या हाडात एक मोठा डाग, मणक्यात एक लहान.

डॉक्टर भला माणूस होता. सरळ बोलला. ‘हा आता मुळापासून बरा होणारा नाही. पण करता येण्यासारखं पुष्कळ आहे.’ कॅन्सरच्या गोळ्या बदलून दिल्या, हाडांसाठी एक इंजेक्शन लिहिलं आणि म्हणाला, ‘खाली पॅलिएटिव्हला दाखवून जा.’

मी पहिलं वाक्य ऐकलं. दुसरं माझ्या कानात शिरलंच नाही.

खाली गेलो. कॉरिडॉरच्या टोकाला बोर्ड दिसला, ‘पॅलिएटिव्ह केअर’. आणि मी आत्याची व्हीलचेअर जागच्या जागी वळवली.

‘काय रे, काय झालं?’

‘चुकीचा फ्लोअर आहे आत्या.’

एक्सेल शीट आणि खुर्ची

माझ्या डोक्यात पॅलिएटिव्हचा अर्थ एकच होता: आता फाइल बंद. आणि मी पडलो प्रोजेक्ट मॅनेजर. फाइल बंद करणं मला शिकवलेलंच नाही. त्या रात्री घरी येऊन मी एक्सेल शीट उघडली. नाव दिलं ‘मिशन आत्या’. सेकंड ओपिनियन, थर्ड ओपिनियन, एका मित्राच्या ओळखीतले दिल्लीचे डॉक्टर, रिपोर्ट्सचे स्कॅन, प्रत्येक ओळीला हिरवा-पिवळा-लाल रंग. ऑफिसात लंचला जाईनासा झालो. सगळे म्हणायचे, ‘काय करतोय यार हा आत्यासाठी!’ मलाही तसंच वाटायचं.

तीन आठवडे गेले. तिघाही डॉक्टरांनी पहिल्या डॉक्टरांचंच सांगणं सांगितलं. एकानं तर विचारलं, ‘पेन रिलीफसाठी दाखवलं की नाही अजून?’ मी म्हटलं, ‘ते नंतर बघू.’ शीटमध्ये त्याची एक ओळही केली मी. तिच्यापुढे लिहिलं, ‘पेंडिंग’.

आत्याला रोज फोन करायचो. ‘कशी आहेस?’ ‘बरी आहे.’ ‘दुखतंय?’ ‘थोडं. तू जेवलास का?’

मग एक दिवस तिच्या शेजारच्या काकूंनी मला जिन्यात गाठलं. म्हणाल्या, ‘अरे, तुझी आत्या रात्रभर खुर्चीत बसून असते. गॅलरीतनं दिसते मला. आडवी होतच नाही. तुला सांगू नको म्हणाली, तुझं ऑफिस असतं.’

तीन आठवडे. म्हणजे एकवीस रात्री. माझ्या एक्सेल शीटमध्ये त्या रात्रींचा कॉलमच नव्हता.

‘तुम्हाला काय हवंय?’

दुसऱ्या दिवशी हाफ डे टाकला आणि त्याच कॉरिडॉरच्या टोकाला गेलो. तिथली डॉक्टर माझ्याच वयाची, पायात स्नीकर्स. मला वाटलं, आता ही खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात बोलणार. तसं काही नाही. तिनं खुर्ची ओढली, आत्याच्या समोर बसली आणि प्रश्नांचा सपाटा लावला. कुठं दुखतं? ठणकतं की कळ येते? रात्री जास्त की दिवसा? कूस बदलल्यावर? पायाला मुंग्या? पोट साफ होतं? शून्य ते दहामध्ये किती?

‘आठ,’ आत्या म्हणाली. ‘कूस बदलली की दहा.’

मला फोनवर ‘थोडं’ सांगायची ती हीच बाई.

मग डॉक्टरनं विचारलं, ‘तुम्हाला काय हवंय?’ मी म्हटलं, ‘तिला पूर्ण बरं वाटायला हवंय.’ डॉक्टर माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘मी त्यांना विचारलंय.’

आत्यानं जरा विचार केला. ‘बाथरूमला एकटीनं जायचंय. आतून कडी लावून.’

झालं. एवढंच. मी दिल्लीपर्यंत रिपोर्ट पाठवले, पण हे विचारायचं मला सुचलं नव्हतं.

पॅलिएटिव्ह हा शब्द लॅटिन ‘पॅलियम’वरून आला. पॅलियम म्हणजे अंगावर घ्यायचं वस्त्र. आपल्याकडच्या भाषेत पांघरूण. या कामाला आजचं रूप दिलं ते लंडनच्या सिसिली सॉन्डर्स यांनी. बाई आधी नर्स, मग सोशल वर्कर, आणि शेवटी डॉक्टर झाल्या. १९६७ मध्ये त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं. त्यांचं म्हणणं असं, की दुखणं फक्त हाडात नसतं. पैशांची काळजी, माणसांची काळजी, ‘मी आता ओझं झाले’ हा विचार, हे सगळंच दुखतं. आत्याच्या बाबतीत बाथरूमची कडी हाही दुखण्याचाच भाग होता.

आणि फाइल बंद म्हणाल तर तसं अजिबात नाही. कॅन्सरच्या गोळ्या चालू, इंजेक्शन चालू, आणि त्याच्या जोडीला हे. बोस्टनमध्ये फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या १५१ पेशंटचा एक अभ्यास झाला होता, २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या लोकांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्याच्या जोडीला सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह केअर. दुसऱ्या गटाचे दिवस बरे गेले, डिप्रेशन कमी राहिलं. शिवाय ते जास्त जगले: सरासरी साडेअकरा महिन्यांच्या आसपास, पहिल्या गटाचे नऊच्या आसपास. हे मी तेव्हा वाचलं असतं तर व्हीलचेअर वळवली नसती. पण तेव्हा मी फक्त माझ्या मनासारखं असेल तेच वाचत होतो.

मॉर्फिन म्हणजे शेवट?

डॉक्टरनं मॉर्फिन लिहिलं आणि माझ्या पोटात गोळा आला. ‘एवढ्यात?’ मी विचारलं. ‘एवढ्यात नाही,’ ती म्हणाली, ‘उशीरच झालाय.’

सिनेमांमुळे आपली समजूत अशी, की मॉर्फिन म्हणजे शेवटच्या दोन दिवसांचं औषध, नाहीतर नशा. खरं म्हणजे ते जोरदार दुखण्यावरचं औषध आहे. आजार कुठल्या टप्प्यात आहे यावर नाही, दुखणं किती आहे यावर ते ठरतं. जागतिक आरोग्य संघटनेनं १९८६ मध्येच कॅन्सरच्या दुखण्यासाठी पायऱ्या आखून दिल्या: साध्या गोळ्यांपासून सुरुवात आणि जोरदार दुखण्याला मॉर्फिनसारखी औषधं. तोंडावाटे आणि घड्याळाप्रमाणे. म्हणजे दुखायला लागल्यावर गोळी नाही, दुखायच्या आधी गोळी. मधेच कळ आलीच तर त्यासाठी वेगळा जादाचा डोस लिहून दिलेला असतो.

सवय लागेल? डॉक्टरच्या देखरेखीखाली दुखण्यासाठी घेतल्यावर व्यसन लागणं क्वचितच होतं. अचानक बंद मात्र करायचं नाही, हळूहळू कमी करायचं. श्वास थांबेल? डोस थोड्यापासून सुरू करून बेताबेतानं वाढवतात, ते याचसाठी. किडनी कमजोर असेल तर आणखी जपून. पहिले दोन-चार दिवस पेंग येते, मळमळतं, मग सवयीचं होतं. एक गोष्ट मात्र सवयीची होत नाही, ती म्हणजे बद्धकोष्ठ. म्हणून मॉर्फिनबरोबर पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून. ‘हे विसरलात तर त्या मला शिव्या देतील,’ डॉक्टर म्हणाली. ‘तुला नाही, याला देईन,’ आत्या म्हणाली.

गंमत बघा. आपल्या देशात सरकारी परवान्यानं अफूची शेती होते, मध्य प्रदेशात, राजस्थानात, उत्तर प्रदेशात. नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत. आणि तरी आपल्याच पेशंटला मॉर्फिन मिळणं कित्येक वर्षं मुश्कील होतं. कारण १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा. नशेबाजांना पकडण्यासाठी केला, आणि त्याच्या लायसन्सच्या धाकानं हॉस्पिटलांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्यासारखी माणसं वर्षानुवर्षं मागे लागली, तेव्हा २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि मान्यता मिळालेल्या संस्थांसाठी देशभर एकसारखे नियम आले. तरीही कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याकडे ते मिळेल असं समजू नका. आम्हाला हॉस्पिटलच्याच फार्मसीतून मिळालं, रजिस्टरमध्ये सही करून. आत्यानं सही केली आणि म्हणाली, ‘रजिस्टर पार्सल घेतल्यासारखं वाटलं.’

पहिला आठवडा मी तिच्याकडेच राहायला गेलो. आठचा आकडा चारावर आला. पण हाड तर अजून आतून पोखरलेलंच होतं. डॉक्टर म्हणाली, ‘आता एक शेक देऊ या.’

एकच? डिस्काउंट सेल आहे का?

रेडिएशनला आपल्याकडे कोणी शेक म्हणतं, कोणी लाइट. आत्याला पहिल्या वेळी पाच आठवडे शेक दिला होता, रोज जाऊन. त्यामुळे रेडिएशनचे डॉक्टर जेव्हा म्हणाले की एकदाच, एकाच दिवशी, ८ ग्रेचा एक डोस, तेव्हा माझा चेहरा पडला. (ग्रे हे रेडिएशन मोजायचं माप. लुई हॅरल्ड ग्रे नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञावरून.) मला वाटलं, म्हातारी बाई, बरी तर होणार नाही, म्हणून उरकून टाकतायत. मी सरळ विचारलं, ‘आम्ही दहा दिवस यायला तयार आहोत. पैशांचा प्रश्न नाही.’

डॉक्टर हसले. त्यांना हा प्रश्न रोज येत असणार. म्हणाले, ‘तुम्ही तयार आहात. त्यांचा खुबा आहे का?’

मग समजावून सांगितलं. पहिल्या वेळचा शेक कॅन्सर परत येऊ नये म्हणून होता. तिथे एकूण डोस मोठा लागतो आणि आजूबाजूच्या चांगल्या भागाला सांभाळत तो थोडा थोडा द्यावा लागतो. इथे काम वेगळं. हाडातल्या त्या डागामधल्या पेशी माराव्या आणि भोवतालची सूज, हाड कुरतडणाऱ्या पेशींची वळवळ शांत करावी, म्हणजे दुखणं थांबतं. त्याला एवढा मोठा डोस लागत नाही. हॉलंडमध्ये हजाराहून जास्त पेशंटवर हे तपासलं गेलं, १९९९ मध्ये त्याचे निकाल आले. नंतर इतर देशांतही तपासलं. साधं, गुंतागुंत नसलेलं हाडाचं दुखणं असेल तर एक शेक आणि पाच-दहा शेक, आराम सारखाच. दहापैकी साधारण सहा जणांचं दुखणं कमी होतं. चारांत एकाचं जवळजवळ थांबतंच.

फरक एका ठिकाणी आहे, तोही त्यांनी लपवला नाही. एकच शेक घेतलेल्यांना पुढे पुन्हा शेक द्यायची वेळ जास्त वेळा येते. शंभरातल्या साधारण वीस जणांवर, तर जास्त दिवस घेतलेल्यांत आठ-एक जणांवर. पण पुन्हा देता येतो. आणि मधल्या काळात नऊ फेऱ्या वाचतात. डोंबिवलीतला लिफ्ट नसलेला दुसरा मजला, बिल्डिंगचा वॉचमन आणि मी खुर्चीत बसवून आत्याला खाली आणतोय, प्रत्येक पायरीला तिचे ओठ घट्ट मिटलेले. हे एकदा करणं आणि दहा वेळा करणं, कुठलं चांगलं, ते तुम्हीच सांगा.

त्याआधी त्यांनी एक्स-रे नीट पाहिला. मांडीचं हाड खूप पोखरलेलं असेल आणि मोडायची भीती असेल तर आधी हाडाच्या डॉक्टरकडून रॉड घालून घेतात. आत्याला ती गरज नव्हती.

शेकाच्या दिवशी खरी अडचण होती ती आडवं झोपायची. शेक दुखत नाही हो, एक्स-रेसारखंच, काही जाणवत नाही. पण त्या सपाट, कडक टेबलावर पंधरा-वीस मिनिटं न हलता पडायचं, हेच जिला तीन आठवडे जमलं नव्हतं! म्हणून निघायच्या बेतानं मॉर्फिनचा जादाचा डोस आधी दिला, गुडघ्यांखाली उशी ठेवली. आधी सीटी स्कॅनवर मोजमाप, कातडीवर पेनाच्या खुणा. मग मशीनची खोली, जाडजूड भिंती, जड दार. सगळे बाहेर, आत्या एकटी आत, कॅमेऱ्यात दिसत होती. प्रत्यक्ष शेक दोन-तीन मिनिटांचा. बाकी वेळ सगळा नेम धरण्यात जातो.

बाहेर आल्यावर मी विचारलं, ‘काय झालं?’ म्हणाली, ‘काही झालं नाही. पंखा बरा होता.’

जाता जाता एक शंका, कारण ती आमच्या घरातही आली. माझी मुलगी तेव्हा तीन वर्षांची. बायकोनं हळूच विचारलं, ‘हिला मांडीवर दिलं तर चालेल ना?’ चालेल. बाहेरून दिलेल्या शेकानंतर पेशंटच्या अंगात रेडिएशन उरत नाही. खुशाल द्या. केसही जात नाहीत, डोक्यावर शेक दिला तरच जातात.

तेराव्या दिवशीचं घोरणं

आता मुद्द्याची गोष्ट. शेक म्हणजे स्विच नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत आत्याचं दुखणं उलट वाढलं. मी रात्री अकराला डॉक्टरला फोन केला, आवाज चढवून. तिनं शांतपणे आठवण करून दिली की हे कागदावर लिहून दिलं होतं: दहातल्या तीन-चार जणांचं दुखणं सुरुवातीला चार दिवस उसळतं, जादाचा डोस द्या, उतरेल. कागद फ्रिजवर मॅग्नेटनं लावलेला होता. मी वाचला नव्हता. उतरलं.

आराम यायला एक ते चार आठवडे लागतात. तेराव्या दिवशी सकाळी पावणेआठला तिच्या पोळ्यांच्या मावशींचा फोन. ‘दादा, आत्या दार उघडत नाहीत. बेल वाजवून वाजवून थकले.’

मी वेस्टला राहतो. तो पूल मी कसा ओलांडला मला आठवत नाही. वाटेत डोक्यात काय काय येऊन गेलं तेही सांगत नाही. माझ्याकडच्या किल्लीनं दार उघडलं, आत धावलो.

आत्या पलंगावर होती. आडवी. डाव्या कुशीवर, म्हणजे दुखऱ्या बाजूवर. तोंड उघडं, आणि घोरत होती.

आम्ही दोघं, मी आणि पोळ्यांच्या मावशी, दारातच उभे राहून ते घोरणं ऐकत होतो. नऊ वाजता ती उठली आणि म्हणाली, ‘ऑफिस नाही का तुला?’

बाथरूमचं म्हणाल तर कडीवरून वाद झाला. डॉक्टर म्हणाली, दार लोटून घ्या, कडी नको, पडलात तर आत कोण येणार? ‘मग विचारलंत कशाला?’ आत्यानं ऐकवलं. शेवटी तडजोड झाली. भिंतीला पकडायला दांडा बसवला, सुतारानं आतली कडी काढून टाकली, आणि दारावर बाहेरून आत्यानं स्वतःच्या टपोऱ्या अक्षरात पुठ्ठा लावला: ‘काउंटर बंद आहे’.

दुसऱ्यांदा शीट उघडली नाही

असे पाच महिने छान गेले. गणपतीत ती धरून धरून का होईना, स्वतःच्या पायांनी खाली आरतीला गेली. मॉर्फिनचा डोसही कमी झाला होता.

मग एका शुक्रवारी फोनवर म्हणाली, ‘पाठीत वेगळंच दुखतंय. आणि पाय कापसासारखे वाटतायत.’

हे वाक्य ओळखायला आम्हाला शिकवलं होतं. मणक्यातल्या डागाचा दाब आतल्या मज्जारज्जूवर पडायला लागला की असं होतं. पाठीत नवीन किंवा वाढतं दुखणं, पायात कमजोरी, बधिरपणा, लघवी अडणं. ही इमर्जन्सी असते. पाय चालू असताना उपचार झाले तर पाय बहुतेक वाचतात. गेलेले पाय परत मिळणं फार कठीण. इथे सोमवारची वाट बघायची नसते.

मी मीटिंगमधून उठलो. बॉसला फक्त ‘आत्या’ म्हटलं. त्याच संध्याकाळी एमआरआय, लगेच स्टेरॉइड, दुसऱ्या दिवसापासून पाच दिवस शेक. या वेळी पाच का, एक का नाही, हे त्यांनी सांगितलं आणि मी ऐकलं. ती वॉकर धरून का होईना, पण चालत घरी आली. दोन मजले सोडून. ते पुन्हा खुर्चीतूनच.

त्या वॉर्डात शेकाचे आणखी उपयोग बघायला मिळाले. एका काकांना खोकल्यातून रक्त पडायचं, ते शेकानं थांबलं. एका आजींचं अन्ननलिकेतल्या गाठीमुळे पाणीही उतरत नव्हतं, त्यांना घोट जायला लागला. एकांच्या मेंदूत गाठी होत्या, त्यांना जाळीचा मास्क घालून शेक. यातलं कोणीही कायमचं बरं होणार नव्हतं. पण आजींनी चहा प्यायला.

उलटंही बघितलं. एका घरच्यांनी हट्ट धरला होता की आमच्या वडिलांना शेक द्याच. डॉक्टरांनी समजावलं, की हातात काही दिवसच आहेत, शेकाचा गुण यायलाच आठवडे लागतात, त्यांना उगाच टेबलावर कशाला ताटकळवायचं? औषधांनी दुखणं थांबवू. न देणं हाही उपचारच असतो, हे मला तिथं कळलं.

आत्या जानेवारीत गेली. घरी, तिच्या पलंगावर. शेवटचे दोन आठवडे होम केअरची नर्स येत होती. गोळी गिळवेना तेव्हा मॉर्फिन कातडीखालच्या छोट्या सुईतून दिलं. दुखत नव्हतं. हे मी खात्रीनं सांगू शकतो, कारण आता मी रोज विचारायचो आणि ती खरा आकडा सांगायची.

तुमच्यासाठी, कापून फ्रिजवर लावायला

‘पॅलिएटिव्ह’ ऐकून व्हीलचेअर वळवू नका. सेकंड ओपिनियन जरूर घ्या, पण दुखण्यावरचे उपचार त्याच दिवशी सुरू करा. दोन्ही एकाच वेळी चालतात.

कॅन्सर झालेल्या माणसाचं हाड दुखत असेल तर डॉक्टरला विचारा, ‘शेकाचा उपयोग होईल का? एकात भागेल का?’

मॉर्फिन घड्याळाप्रमाणे, पोटाच्या औषधासकट. मनानं वाढवू नका, मनानं बंदही करू नका.

पाठदुखी आणि पायांत कमजोरी, किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल.

कुठं जायचं? मुंबईत टाटा मेमोरियलचा पॅलिएटिव्ह मेडिसिन विभाग आहे. वांद्र्याला शांती आवेदना सदन आहे, १९८६ मध्ये सुरू झालेलं देशातलं पहिलं हॉस्पिस. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून पेशंटची विनामूल्य काळजी घेतंय, आणि घरच्यांना तिथं पेशंटबरोबर राहता येतं. तुमच्या हॉस्पिटलमध्येही विचारा. कॉरिडॉरच्या टोकाला बोर्ड असेल.

आत्याचा फ्लॅट अजून तसाच आहे. परवा वीजबिल आणायला गेलो होतो. बाथरूमच्या दारावर कडीच्या जागी स्क्रूची चार भोकं आहेत. पुठ्ठा मी काढला नाही.

त्या एकवीस रात्रींचं काही करता येत नाही. मी रोज फोन केला होता, पण प्रश्न चुकीचा विचारत होतो. ‘कशी आहेस?’ला घरची माणसं ‘बरी आहे’च म्हणतात, त्यांना तुमच्या ऑफिसची काळजी असते. तुमच्या घरात कोणी असं आजारी असेल तर उद्या सकाळी लोकलमधून फोन कराल तेव्हा दुसरं काहीतरी विचारा. विचारा, ‘रात्री आडवी झालीस का?’